मेलेले किडे मोजून काय कळणार?

दर उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की सोलापूर जिल्ह्यात एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. गावाच्या पारावर, कृषी सेवा केंद्रांत, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि अलीकडे मेळाव्यांच्या व्यासपीठावरही. एक बाजू म्हणते, यंदा ऊन कडक पडले, जमीन भाजून निघाली, किडीचा नायनाट झाला, खरिपाची चिंता नाही. दुसरी बाजू म्हणते, हवामान बदलले आहे, उष्णता वाढली की कीड वाढणारच, तेव्हा फवारणीची तयारी आतापासून ठेवा. दोघांकडेही अनुभव आहे, दोघांकडेही उदाहरणे आहेत. तरीही वर्षानुवर्षे हा वाद एक पाऊल पुढे सरकत नाही, आणि त्याची किंमत मात्र ज्वारी, तूर, डाळिंब, ऊस करणाऱ्या माणसाच्या खिशातून जाते.

माझे म्हणणे असे की हा वाद चुकीच्या मोजमापावर उभा आहे. ऊन किडीला मारते की वाढवते, असे विचारून उपयोग नाही. उन्हातून, पाणीटंचाईतून, औषधाच्या अपुऱ्या मात्रेतून कोणत्या कीटकाची पुढची पिढी पार पडते आणि कोणत्याची अडते, हे विचारायला हवे. धडधाकट उडणारा कीटक वांझ असू शकतो. उलट, अर्धमेला दिसणारा कीटक नेहमीपेक्षा जास्त अंडी घालून जाऊ शकतो. आणि आपल्या जिल्ह्यात हा हिशेब बहुतेक वेळा आपल्या विरुद्ध जातो. पिकाच्या सावलीत, ठिबकच्या ओलाव्यात राहणारी कीड निभावून नेते. तिला आवर घालणारे मित्रकीटक आणि फुलांवर राबणाऱ्या मधमाश्या मात्र आधी खचतात. हे खचणे मरणाच्या रूपात दिसत नाही, म्हणून आपल्या वादात ते येतच नाही.

हा नुसता तर्क नाही. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या घरात पिठाच्या डब्यात सापडतो, तोच हा भुंगेरा. पाच दिवस ४२ अंशांच्या उष्णतेत ठेवलेले नर मेले नाहीत, पण त्यांची संतती निम्म्यावर आली. त्याच नरांना उष्णतेची दुसरी लाट दिल्यावर ते जवळजवळ वांझ झाले. माद्यांच्या शरीरात आधीपासून साठलेल्या शुक्राणूंनाही इजा झाली, आणि अशा नरांच्या पुढच्या पिढीतही दोष उतरला. पुढे २०२१ मध्ये, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिला माश्यांच्या ४३ जाती तपासल्या गेल्या. जवळजवळ निम्म्या जातींत नर ज्या तापमानाला मरतात त्याच्या आधीच, कमी तापमानाला वांझ होतात असे दिसले. कोणती जात जगात कुठे टिकून आहे याचा अंदाजही मरणाच्या तापमानापेक्षा वांझपणाच्या तापमानावरून चांगला बांधता आला. प्रयोगशाळेने ज्याला तीव्र लाट म्हटले ते ४२ अंश म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली नेहमीची दुपार. मग उन्हाळा संपल्यावर शेतात किती किडे जिवंत आहेत एवढेच पाहून आपण निष्कर्ष कसा काढतो?

जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशमाचे कोष घेणाऱ्यांना यातले बरेच आधीच माहीत असते. कोषात असताना फार उष्णता लागली तर बाहेर येणारा नर पतंग दिसायला ठीक असतो, पण त्याच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फळत नाहीत. वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या दुबार जातीची अंडी उबदार आणि उजेडात उबवली तर त्यांतून निघणाऱ्या माद्या पुढे सुप्तावस्थेतली अंडी घालतात, गारव्यात आणि अंधारात उबवली तर लगेच फुटणारी. म्हणजे अंड्याच्या अवस्थेत सोसलेले हवामान त्याच्या पुढच्या पिढीचे वेळापत्रक ठरवते. रेशीम उद्योग शतकभर या ज्ञानावर चालला आहे. शेजारच्याच शेतातल्या किडीबद्दल बोलताना मात्र आपण हे सगळे विसरतो.

आता समोरच्या बाजूचे जे बळकट मुद्दे आहेत ते मान्य करायला हवेत. उन्हाळी नांगरट खरोखर काम करते. उघड्या काळ्या रानात भर दुपारी जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो आणि तिथे उलथून पडलेले घाटेअळीचे, केसाळ अळीचे कोष वाळतात, पक्षी वेचून खातात. ‘आभाळ आलं की अळी पडते’ हे तूर-हरभऱ्यातले म्हणणेही अंधश्रद्धा नाही. कडक कोरड्या हवेत पतंगाची अंडी सुकतात, दमट गारव्यात ती टिकतात. शेतकऱ्याचे हे निरीक्षण नेमके प्रजननाचे आहे, फक्त त्याला आपण तसे म्हणत नाही. तिसरा मुद्दा सर्वांत भक्कम: सोलापूरचे ऊन काही आजचे नाही. इथले कीटक पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हात वाढले, ते जमिनीत शिरतात, पानाखाली दडतात, रात्री फिरतात. प्रयोगशाळेतल्या पेटीत दिवसरात्र एकच तापमान असते, शेतात तसे नसते.

हे सगळे खरे आहे, आणि माझा आक्षेप नेमका इथूनच सुरू होतो. दडायला जागा कोणाला आहे? उजनी धरणाचे पाणी आले, ऊस वाढला, साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात पुढे गेला. उसाच्या फडात मे महिन्यातही गारवा असतो, ओल असते. उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीचेच पाहा. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, तिथे मीलन होते आणि माद्या परत जमिनीत जाऊन अंडी घालतात. अंड्यांना ओलसर माती लागते. वळवानंतर महिनाभर पावसाने ताण दिला तर कोरडवाहू रानात त्यांतली पुष्कळ अंडी वाया जातात. उसात मात्र पाण्याची पाळी ठरलेली असते. निसर्गाने घातलेला आवर आपणच तिच्यापुरता काढून टाकला आहे. उलट जमिनीत घर करणाऱ्या रानमाश्या, फुलांच्या मधावर जगणारे बारीक मित्रकीटक हे बांधावर, माळावर, ओढ्याकाठच्या झुडपांत राहतात. बांध कोरून अरुंद झाले, माळ फुटला, ओढे मार्चमध्येच आटतात. मग उन्हाचा मारा सर्वांवर सारखा पडतो, असे कसे म्हणता येईल?

मित्रकीटकांची अडचण तर आणखी खोल आहे. ट्रायकोग्रामा हा टाचणीच्या टोकाएवढा कीटक घाटेअळीच्या, खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि अळी जन्मण्याआधीच तिचा निकाल लावतो. त्याचे काम २५ ते २८ अंशांच्या आसपास सर्वांत चांगले चालते. ३५ अंशांच्या वर बाहेर पडणाऱ्या प्रौढांचे प्रमाण आणि त्यांची अंडी घालण्याची ताकद झपाट्याने उतरते. तो वाढतो दुसऱ्याच्या अंड्यात, त्यामुळे ऊन लागले म्हणून सावलीत सरकण्याची सोय त्याला नाही. शिवाय मधमाश्या, मुंग्या आणि ट्रायकोग्रामासारख्या परोपजीवी गांधीलमाश्यांत फळलेल्या अंड्यातून मादी आणि न फळलेल्या अंड्यातून नर निपजतो. उष्णतेने नर वांझ झाला तरी मीलन होते, मादी अंडीही घालते, पण त्यांतून निघतात फक्त नर. शेतात कीटक उडताना दिसतात, पुढच्या पिढीत अंडी शोधणारी मादीच नसते. परोपजीवी कीटकांची उष्णता सोसण्याची मर्यादा त्यांच्या भक्ष्यापेक्षा बहुधा कमी असते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. एप्रिलच्या दुपारी भर उन्हात ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेले कार्ड, टाचायचे आणि महिन्याने ‘जैविक काही चालत नाही’ म्हणायचे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो. तेच कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लावले तर निकाल वेगळा लागतो. कार्ड बदनाम झाले की शेतकरी पुन्हा औषधाच्या डब्याकडे वळतो, आणि त्याला तसा सल्ला देणारे तयारच असतात.

‘उष्णता वाढली की कीड वाढणार’ म्हणणाऱ्यांनाही आधार आहे. थंड रक्ताच्या जीवांची वाढ तापमानावर चालते, उबदार हवेत अळीची पतंग होण्याची मुदत घटते आणि हंगामात एखादी पिढी जास्त निघते. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाने वाढेल तसे गहू, भात, मका यांचे किडीमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल. हा आकडा आपल्याकडच्या भाषणांत वरचेवर येतो. पण त्याच अभ्यासात ही वाढ मुख्यतः समशीतोष्ण देशांत दाखवली आहे, कारण तिथले कीटक आज थंडीने अडलेले आहेत. उष्ण प्रदेशातले कीटक आधीच आपल्या सोयीच्या तापमानाच्या वरच्या टोकाला आहेत. युरोप-अमेरिकेचा निष्कर्ष उचलून पंढरपुरात फवारणीचे वेळापत्रक बसवणे हे विज्ञान नव्हे.

आणि फवारणी हाही कीटकाच्या दृष्टीने पर्यावरणाचा ताणच असतो. डाळिंबाच्या बागायतदाराला ताण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बहार धरायचा तर पाणी तोडून झाड सुकवायचे, मग पाणी दिले की ते फुलाने लगडते. ताण जास्त झाला की झाडच जाते. कीटकांतही असेच घडते. ज्वारीवरचा मावा पाहा, ज्याने पानावर चिकटा पडतो. त्याची मादी नराशिवाय थेट पिले देते आणि त्या पिलांच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढत असतात. गर्दी झाली, पान सुकू लागले की पंखवाले मावे जन्मतात आणि पुढच्या रानात जाऊन बसतात. ताणाने त्यांचा वंश थांबला नाही, त्याने गाव बदलले. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांवर फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झालेल्या कामात दिसले की काही कीटकनाशकांच्या न मारणाऱ्या मात्रेने माद्यांची अंडी घालण्याची क्षमता वाढते. इंडोनेशियाने याचा अनुभव देशभर घेतला. १९८४ मध्ये भातात स्वयंपूर्ण झालेल्या त्या देशात दोनच वर्षांत तुडतुड्यांनी थैमान घातले, आणि जितकी फवारणी जास्त तितका उद्रेक मोठा असे चित्र होते. सुहार्तो यांच्या सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे अनुदानही संपवले. भाताचे उत्पादन कोसळले नाही. फवारणीने आधी मरत होते ते कोळी आणि मित्रकीटक, आणि वाढत होती ती तुडतुड्यांची अंडी. मेलेल्या किड्यांकडे बोट दाखवून ‘औषध चालले’ म्हणणारा आपला दुकानदार आणि त्या काळचा इंडोनेशियातला सल्लागार यांच्यात काय फरक आहे?

सांगोल्याच्या डाळिंबाचे दुःख तर ताजे आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या बागा, आणि लगेच २०२० च्या ऑक्टोबरात झालेली अतिवृष्टी. त्यानंतर पिन होल बोरर नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारीक भुंगेऱ्याने खोडे चाळणीसारखी केली, मर रोगही बरोबर होता, आणि लोकांनी हाताने वाढवलेल्या बागा जेसीबी लावून उपटल्या. हा भुंगेरा लाकूड खात नाही. तो खोडात बीळ पाडून बुरशी वाढवतो आणि त्या बुरशीवर पिले पोसतो. बिळातच भाऊ-बहिणींचे मीलन होते आणि फळलेल्या माद्या बुरशीचे बी घेऊन नव्या झाडाकडे निघतात. बाहेर नर शोधायची गरजच नाही, म्हणून एकटी मादीही नवी वसाहत उभी करते. या गटातल्या भुंगेऱ्यांना झाडाचा त्रास वासाने कळतो. पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला की झाडात इथेनॉल तयार होते, खोडातून ते झिरपते आणि माद्या तिकडे खेचल्या जातात. इथे कीटकाचे पुनरुत्पादन वाढले ते झाडाच्या ताणामुळे. खोडावर औषधाचे लेप देऊन बागायतदार थकले, कारण पिले आत, औषध बाहेर. निचरा, मुळांची हवा, बहारांच्या मधली विश्रांती यावर तेव्हा जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोलले गेले नाही, ही माझी खंत आहे.

मधमाश्यांबद्दल बोलताना आपण मोहोळे दिसतात की नाही एवढेच पाहतो. राणी आयुष्याच्या सुरुवातीला काही दिवसच मीलनाला बाहेर पडते आणि तेव्हाचे शुक्राणू वर्षानुवर्षे शरीरात जपते. प्रयोगांत ४० अंशांची उष्णता काही तास लागली तरी त्या साठ्यातले शुक्राणू मरू लागतात. पोळ्यात पिले वाढतात तिथे ३४-३५ अंश राखण्यासाठी कामकरी माश्या पाणी आणून शिंपतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे उन्हाळ्यात मधमाशीला फुलांइतकेच पाण्याचेही मोल आहे. ओढे आणि पाणवठे आटलेल्या जिल्ह्यात ते कुठून यायचे? त्यात द्राक्षावर, डाळिंबावर फुलकिड्यांसाठी फवारले जाणारे थायमेथोक्झाम. या औषधाच्या आणि त्याच्या जोडीच्या क्लोथियानिडिनच्या, शेतात सापडू शकेल एवढ्या मात्रेने नर मधमाश्यांतले जिवंत शुक्राणू ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले. माश्या मेल्या नाहीत, म्हणून कोणी तक्रार केली नाही. सूर्यफुलात दाणे पोचट राहतात, कांद्याच्या बीजोत्पादनात गोंडे रिकामे निघतात, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

शहरही यातून सुटत नाही. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी पिंप, टाक्या, हौद भरून ठेवतात. डेंगीच्या एडिस डासाची अंडी कोरड्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतो. दुष्काळाने डास कमी व्हायला हवेत, पण टंचाईच त्याला वाढायला जागा पुरवते. धुराची गाडी फिरवल्याने उडणारे डास मरतात, पिंपाच्या कडेची अंडी तशीच राहतात.

मरण सोडून जन्माकडे पाहण्याचा विचार नवा नाही. जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीने अमेरिकेतले पशुपालक हैराण होते. एडवर्ड निपलिंग यांच्या लक्षात आले की तिची मादी आयुष्यात एकदाच मीलन करते. मग किरणोत्साराने वांझ केलेले नर लाखोंनी सोडले तर? १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हे करून पाहिले आणि काही महिन्यांत ते बेट माशीमुक्त झाले. पुढच्या दशकांत अमेरिका, मेक्सिको आणि पनामापर्यंतचा पट्टा तिच्यापासून मोकळा केला गेला, तो माश्या मारून नव्हे तर त्यांची अंडी फळू न देऊन. आपल्याकडे वांझ नरांचे कारखाने काढा असे मी म्हणत नाही. किडीचा कमकुवत क्षण तिच्या पुनरुत्पादनात शोधावा, एवढेच म्हणतो. हुमणीचा तो क्षण आपल्याला ठाऊक आहे: वळवानंतरची कडुनिंबावरची संध्याकाळ. गावाने मिळून भुंगेरे झाडून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर उसात अळी शोधत फिरावे लागत नाही. एकट्याने केले तर शेजारच्या रानातून भुंगेरे येतात, हे खरे. म्हणून तर हा सार्वजनिक प्रश्न आहे.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप. कर्ज काढून पीक उभे केलेला शेतकरी म्हणतो, ‘तुमचे अंडी मोजणे होईपर्यंत माझा मका जाईल.’ अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून आली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या मक्यात पोहोचली. तिची एक मादी हजाराहून जास्त अंडी घालते आणि ती पुंजक्यांत घालते. या भीतीला मी कमी लेखणार नाही. पण ही अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पुंजके पानावर असताना हाताने चुरडले, मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात पतंग वाढताना दिसले की त्या आठवड्यात लक्ष ठेवले, तर उपाय वेळेवर होतो आणि स्वस्तात होतो. म्हणजे अंडी मोजल्याने उशीर होत नाही, उलट ती न मोजल्यामुळेच आपण पोंगा पोखरल्यावर धावतो.

२००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना उभी केली. कृषी सहायक शेतात जातात, निरीक्षणे नोंदवतात, आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे उपायाचा खर्च परवडावा एवढी कीड, ओलांडली की सल्ला जातो. ही व्यवस्था मोलाची आहे आणि तिच्यावरच पुढचे काम उभे करता येईल. अळ्यांबरोबर अंडी मोजावीत, आणि त्यांतली किती काळी पडली, म्हणजे मित्रकीटकांनी साधली, हेही लिहावे. फुलोऱ्यात दहा मिनिटांत एका ओळीत किती मधमाश्या आल्या याची नोंद घ्यायला कोणतेही यंत्र लागत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शहरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे, महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. उष्णतेच्या लाटेनंतरच्या पंधरवड्यात ही मोजणी कशी बदलते हे सलग पाच वर्षे नोंदवले, तर जिल्ह्याला स्वतःचा आकडा मिळेल, युरोपातून उसना आणावा लागणार नाही. तोवर निदान दोन गोष्टी ताबडतोब व्हाव्यात. केवळ तापमान किंवा आभाळ पाहून ‘प्रतिबंधक फवारणी करा’ असे संदेश मोबाइलवर पाठवणे थांबावे. आणि फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी मधमाश्या फिरतात त्या वेळी फवारणी होणार नाही, असा ठराव ग्रामसभांनी करावा. पहिला वळीव साधारण मेच्या शेवटी पडतो, त्यामुळे मोजायला कोण जाणार हे एप्रिलमध्येच ठरवावे लागेल.